निळ्या ओळी, जांभळ्या ओळी

माझ्या सख्ख्या भावाला पहिली श्रद्धांजली मीच वाहिली, आणि तीही चुकून, दुपारचं जेवण झाल्यावर दुकानात पंख्याखाली बसून. तो आहे की गेला हे मला आजही माहीत नाही. पण त्या दुपारी आमच्या भावकीतल्या झाडून सगळ्या माणसांनी मोबाइलवर हात जोडले, आणि 'कधी? कुठे?' असं एकानंही विचारलं नाही.

झालं असं, की कॉम्प्युटरवर मला एक चौकट सापडली. कुठल्याशा छोट्या पेपरच्या कोपऱ्यातली, उत्तरकार्य उद्या सकाळी आहे असं सांगणारी. नाव दादाचं, आडनावही आमचंच. मधे वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर होतं आणि ते आमच्या वडिलांचं नव्हतं. हे मला दिसत होतं. पण माझ्या एकट्याच्या डोळ्यांवर माझा फारसा विश्वास नाही, म्हणून घरी बायकोला दाखवून खात्री करावी असं मी ठरवलं. चौकटीचा फोटो काढला. नाव मोठं दिसावं म्हणून कडा कापल्या, आणि कापता कापता गावाचं नावही कापून टाकलं. मग पाठवला. पाठोपाठ लिहिलं, 'हा आपला न्हवं ना? मधलं अक्षर बघ.' हे लिहिलेलं बरोबर बायकोला गेलं. फोटो मात्र गेला भावकीच्या ग्रुपवर, जिथं आता सोयरे-पाहुणेही सगळे आहेत.

माझ्या लक्षात येईपर्यंत हातांची रांग लागली होती. मी घाबरून फोटो काढून टाकला. तिथं 'हा संदेश काढून टाकला आहे' अशी ओळ उरली, आणि त्यामुळे बातमी जास्तच खरी वाटायला लागली. मग मी लिहिलं, 'चूक झाली, तो दुसरा माणूस आहे, क्षमस्व.' त्याच्याखाली म्हसवडच्या मामांनी पुन्हा हात जोडले. मामा वाचत नाहीत, नुसते जोडतात.

गंमत म्हणून सांगतोय असं वाटेल. त्या दिवशी रात्रीपर्यंत मलाही ती गंमतच वाटत होती.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. शेतावर तो, रहिमतपुरातल्या दुकानात मी, अशी आमची वाटणी. म्हणजे काम त्याला आणि खुर्ची मला. त्याला डोळ्यांनी कमी दिसायला लागलं होतं. उसाच्या सरीत पाणी कुठवर आलं ते दिसत नाही म्हणायचा. एके दिवशी सकाळी डोळे तपासायला मिरजेला जातो म्हणाला, वहिनीनं बांधून दिलेली भाकरी घेतली आणि गेला. परत आला नाही. भांडण नव्हतं, देणं नव्हतं, दारू नव्हती. पोलिसांनी हेच तीन प्रश्न विचारले, नंतर पाहुण्यांनी हेच तीन विचारले, आणि तिन्हींना 'नाही' म्हटल्यावर सगळे असे बघायचे की जणू आम्हीच काहीतरी लपवतोय. मिरजेतले दवाखाने धुंडाळले. स्टेशनवर, एसटी स्टँडवर कागद चिकटवले. कागद माझ्याच दुकानात छापलेले, झेरॉक्स अगदी स्वच्छ. त्याला आता बारा वर्षं होत आली. मूलबाळ नव्हतं. वहिनी आमच्यात राहते. तीच शेत बघते आणि मला जेवायला वाढते.

माझं दुकान झेरॉक्सचं. सातबारा, बारावीचा निकाल, नोकरीचे ऑनलाइन अर्ज, सगळं मी काढून देतो. गावात अशी समजूत आहे की नेटवरचं काहीही हा माणूस हुडकून देईल. ही समजूत मीच पसरवली आहे. वहिनीसमोरही पसरवली. म्हणून दर दोन-चार महिन्यांनी, गिऱ्हाईक नसलं की मी दादाचं पूर्ण नाव टाइप करायचो. नाव इथं लिहीत नाही, आणि लिहून उपयोगही नाही; आमच्या भागात आठवड्याच्या बाजारात त्या नावानं हाक मारली तर भाजीवाल्यापासून फौजदारापर्यंत चारजण तरी वळून बघतील. नेटवरही तेच यायचे. एक बढती मिळालेला फौजदार, एक पडलेला उमेदवार, एक तालीम चालवणारा पैलवान. उघडून बघितलेल्या ओळी जांभळ्या होतात, न बघितलेल्या निळ्या राहतात. बारा वर्षांत माझ्या सगळ्या ओळी जांभळ्या झाल्या होत्या. पैलवानाला तर मी घरच्यासारखा ओळखत होतो. त्याच्या मुलाचं लग्न झालं तेव्हा मला बरं वाटलं.

मग या श्रावणात एक कॉलेजची मुलगी प्रोजेक्टची प्रिंट काढायला आली. माझ्या स्क्रीनकडे बघून म्हणाली, "काका, तुम्ही एकाच सर्च इंजिनवर शोधता? वेगवेगळ्यांवर वेगवेगळं येतं." प्रिंट घेऊन ती निघून गेली. मला वाटत होतं, नेट म्हणजे गावची एकच विहीर. कुठूनही बादली सोडा, पाणी तेच. बारा वर्षं मी एकाच बाजूनं बादली सोडत होतो. खाली पलीकडच्या अंगाला कुणी उभं असेल तर?

त्या दिवसापासून मी तीन सर्च इंजिनं धरली. बायकोला समजावून सांगितलं, की माहिती सगळीकडं पडलेली असते, ही तिघं आपापल्या परीनं ती गोळा करतात, आणि एकाला सापडलेलं दुसऱ्याला सापडतंच असं नाही. तिनं कांदा चिरत ऐकून घेतलं. म्हणाली, "म्हंजे तिगी जावा की. एकीचं एकीला सांगत न्हाईत." तेव्हापासून आमच्यात थोरली, मधली आणि धाकटी अशीच नावं पडली.

थोरली सगळ्यांना माहीत असलेली. ती मला पक्कं ओळखते, हीच तिची अडचण. दादाचं नाव विचारलं तरी आधी झेरॉक्सच्या टोनरच्या जाहिराती दाखवणार, मग मी पूर्वी उघडलेली पानं पुन्हा पुढं करणार. बायकोच्या मोबाइलवर तेच नाव तिला विचारलं तर उत्तरं निराळी. मधली जरा अडाणी, पण तिनं जुने पेपर जपून ठेवलेले. तिच्या पानावर फौजदार होता, पैलवान होता, सगळे आमचे जांभळे पाहुणे होते, पण त्यांच्यामध्ये दोन-तीन ओळी निळ्या होत्या. धाकटीची ख्याती अशी, की विचारणारा कोण, कुठला, याची ती नोंदच ठेवत नाही. एक माणूस आम्हाला विसरलेला होता, आता ही दुसरी.

त्या निळ्या ओळींतलीच एक म्हणजे ती उत्तरकार्याची चौकट.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानाला निघायच्या बेतात होतो. वहिनी अंगणात म्हशीला वैरण टाकत होती. तिच्याकडे साधा बटणांचा फोन, त्यामुळं ग्रुपवरचा गोंधळ तिला माहीत नव्हता आणि आम्ही दोघांनी सांगितलाही नव्हता. तेवढ्यात तिचा भाऊ आला. तासगावकडचा तो, एवढ्या सकाळी म्हणजे पहिल्या एसटीनं निघालेला. माझी दुरुस्ती त्यानं वाचलीच नव्हती. फोटो बघितला, उद्या सकाळी उत्तरकार्य आहे एवढं वाचलं, आणि मोबाइल बंद करून तयारीला लागला. त्याच्या हातात दुकानाची पिशवी होती, आणि पिशवीत साडी.

आमच्याकडं नवरा गेला की उत्तरकार्याला बाईचा भाऊ साडी घेऊन येतो. ती नेसली म्हणजे झालं ते तिनं मानलं. बाकीच्या चालीरीती आता राहिल्या नाहीत. कुणाचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत असा ठराव आमच्या ग्रामपंचायतीनं केला आहे. टाइप माझ्याच दुकानात झाला, मी पैसे घेतले नाहीत. पण भावाच्या साडीबद्दल ठरावात काही नाही. कुणाच्या लक्षातच आलं नाही.

वहिनीनं भावाला बघितलं, पिशवी बघितली, आणि तिचा चेहरा एकदम उजळला. हात पदराला पुसत पुढं आली.

"आगं बया, साडी?" म्हणाली. "कुणाचं लगीन हाय रं?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. बायको दारात आली, तिनंही माझ्याकडं बघितलं. म्हशीनं तेवढं बघितलं नाही. मला बोलावं लागलं. मी चौकट, आद्याक्षर, कडा कापणं, ग्रुप, सगळं एका दमात सांगितलं, मधूनच हसण्याचाही प्रयत्न केला. माझी ही खोड आहे. जिथं माणसं रडतात तिथं मी गमतीदार व्हायला बघतो. वहिनीचा भाऊ बिचारा पिशवी पाठीमागं घ्यायला लागला, म्हणाला, ताई, मी परत नेतो, दुकानदार बदलून देईल. वहिनीनं ती त्याच्या हातातून घेतली.

"आणलीस तर ऱ्हाऊ दी," म्हणाली.

आणि त्याला चहा टाकायला आत गेली. साडी तिनं स्वतःच्या ट्रंकेत ठेवली. कोणत्या रंगाची आहे हेही आम्हाला कळलं नाही.

पण ग्रुपवर वाहिलेली श्रद्धांजली परत घेता येत नाही. चारच दिवसांनी आमचे चुलते दोन वडीलधाऱ्यांना घेऊन घरी आले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. बारा वर्षं झाली. जुन्या माणसांनी बारा वर्षं वाट बघायला सांगितली आहे, त्याच्यापुढं नाही. पुढच्या आठवड्यात पितृपक्ष लागतोय. सर्वपित्रीला घरच्या पितरांचा म्हाळ घालशील तेव्हा थोरल्याचं पान मांड, त्याचं नाव घे. जिवंत असेल तर त्याचं काही बिघडत नाही, आणि नसेल तर बिचारा कुठंतरी उपाशी फिरत असेल. हे शेवटचं वाक्य आत ऐकू जावं म्हणूनच मोठ्यानं म्हटलेलं होतं.

चुलते गेल्यावर वहिनी बाहेर आली. माझ्याशी ती कमी बोलते. धाकट्या दिराशी बोलावं तसं, अर्धं माझ्याकडं बघून, अर्धं खांबाकडं. म्हणाली, "तुमचं ते कंपुटर काय म्हणतंय ते येकदा नीट बगा. तवर ट्रंक उघडत न्हाई मी."

म्हणजे सर्वपित्रीपर्यंत मुदत. त्या दिवशी दादाचं पान मांडायचं की नाही, आणि त्या बाईनं ती साडी नेसायची की नाही, हे आता एक झेरॉक्सवाला तीन जावांना विचारून ठरवणार होता.

मी पितृपक्षभर तेच काम केलं. दादाचं नाव मराठीत टाकलं, इंग्रजीत टाकलं, आडनाव आधी, आडनाव नंतर. नावापुढं मिरज लिहिलं, सांगली लिहिलं, आश्रम लिहिलं, धर्मशाळा लिहिलं. एकदा 'बेवारस' हा शब्द लिहिला आणि पुढचं बटण दाबायला बराच वेळ लागला. तिघींचीही उत्तरं शेजारी शेजारी ठेवून बघायचो. तिघी एकमेकींशी भांडत होत्या हे खरं, पण एका गोष्टीत त्यांचं एकमत होतं. तिघींपैकी एकीनंही 'मला ठाऊक नाही' असं कधी म्हटलं नाही. काहीही विचारा, डोळ्याची पापणी लवायच्या आत हजारो उत्तरं हजर. माझ्या धंद्यात गिऱ्हाइकाला 'आज सर्व्हर बंद आहे' असं सांगायची मला सवय आहे. ते ऐकून माणूस निमूट घरी जातो. मला घरी जा म्हणून सांगणारं कुणी नव्हतं. दादा कुठे आहे असं विचारल्यावर समोर हजारो उत्तरं येतात आणि त्यात तो नसतो, याच्यापेक्षा पोलिसांचं 'कळवू' बरं होतं.

मग मला फोटोचं सुचलं. नावापेक्षा चेहरा खरा. दादाचे फोटो दोनच. एक लग्नातला, फेटा आणि मुंडावळ्यांत निम्मा झाकलेला, आणि दुसरा माझ्या दुकानाच्या पूजेतला, बाजूनं काढलेला, प्रसादाचं ताट धरून उभा असलेला. दुसरा स्कॅन केला आणि आधी थोरलीला दाखवला. तिनं दादाच्या अंगातला चौकटीचा शर्ट ओळखला. तसलेच शर्ट कुठं मिळतील ते दाखवलं, घरपोच. धाकटीकडं फोटो दाखवायची सोयच मला सापडली नाही. मधलीनं मात्र खाली 'दिसायला सारखे' म्हणून एक ओळ मांडली, आणि तिच्यात ट्रेकिंगवाले, पुढारी, एक दाक्षिणात्य नट, यांच्यामध्ये एक माणूस होता.

मिरजेच्या तंतुवाद्यांवर कुणीतरी लिहिलेल्या लेखातला तो फोटो. पुढं मालक तंबोरा घेऊन बसलेले, आणि त्यांच्या मागं अर्ध्या अंधारात एक कारागीर तंबोऱ्याच्या भोपळ्याला पॉलिशपेपर घासतोय. बाजूनं दिसणारा. तोच कान, तीच हनुवटी, मानेचा तोच बाक. आणि डोळ्यांवर चष्मा.

मी फोटोची रंगीत प्रिंट काढली आणि दुकान उघडं टाकून घरी गेलो. बायकोनं कागद बघितला आणि वहिनीकडं दिला. वहिनीनं कागद उजेडात नेला, लांब धरला, जवळ धरला. मग बोट ठेवलं. मला वाटलं कानावर ठेवेल. तिनं चष्म्यावर ठेवलं.

"लागला व्हय त्यास्नी चष्मा," म्हणाली.

आता लिहिताना हे किती वेडेपणाचं आहे ते मला कळतं. पण त्या वेळी आम्हा तिघांनाही तो पुरावा बिनतोड वाटला. दादा मिरजेला डोळे तपासायला गेला होता. हा माणूस मिरजेत आहे आणि याला चष्मा आहे. म्हणजे डोळे तपासून झाले. बारा वर्षांपूर्वी सोडलेली ओळ पुढं चालू झाली होती. कोर्टात वकिलानं असं काही मांडलं असतं तर मी पोट धरून हसलो असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं मी आणि वहिनी निघालो. तिनं भाकरी, मिरचीचा ठेचा आणि दह्याचा डबा घेतला होता. भाकऱ्या तिघांना पुरतील एवढ्या होत्या. ते मला दिसलं आणि मी खिडकीबाहेर बघायला लागलो. कराड गेलं, बाहेर ऊस आणि ऊसच होता. ती एकदाच बोलली. मध्येच म्हणाली, सरीतलं पाणी आता त्यांना दिसेल. मी हो म्हणालो.

मिरजेत वाद्यांची गल्ली शोधायला वेळ लागला नाही. लेखातलं दुकान रस्त्यावरच होतं, दारात भोपळे उलटे घालून ठेवलेले. मालक म्हातारे, सज्जन. प्रिंट बघून खूश झाले, आपला फोटो साताऱ्यापर्यंत पोचला म्हणून. मी मागच्या माणसावर बोट ठेवलं. हा कोण, असं विचारलं.

"हा? आमचाच की. आत हाय," ते म्हणाले आणि हाक मारली.

आतून हात पुसत माणूस आला. बाजूनं आला तेव्हा तो दादा होता. दारात वळून समोर उभा राहिला तेव्हा नव्हता. बास, एवढंच. चेहरा रुंद, डोळे बारीक, वय दादापेक्षा बरंच कमी. अथणीकडचा, त्याच्या मराठीत कानडी हेल. "काय री, काय पायजे?" असं त्यानं नम्रपणे विचारलं. मी मालकांना काहीतरी सांगायला लागलो, आमचा एक पाहुणा, सारखा दिसतो, फोटोवरून जरा गैरसमज, आणि पुन्हा ते माझं हसणं. वहिनीनं पदर डोक्यावरून पुढं ओढून घेतला होता. ती त्या माणसाकडं सरळ बघत होती. आणि मग तिनं, परक्या पुरुषाशी कधी न बोलणाऱ्या बाईनं, त्यालाच विचारलं.

"दादा, डोळं कुठं तपासलं तुमी?"

तो गोंधळला. हिथंच, म्हणाला, टेशनकडच्या बाजूला, डॉक्टर बरा आहे, तुम्हाला दाखवायचं आहे का.

"लय येळ लागतो का?"

"गर्दी आसती बघा री. तरी अर्धा दिस. सकाळी गेलं की दुपारच्या गाडीला मोकळा."

"अर्धा दिस," वहिनी म्हणाली. आणि मान हलवली, एखाद्या दुकानदारानं भाव सांगितल्यावर हलवावी तशी.

मालकांनी आग्रह केला म्हणून आम्ही पाणी प्यायलो. त्यांनी कौतुकानं एका तंबोऱ्याच्या तारा छेडून दाखवल्या. आवाज बराच वेळ घुमत राहिला आणि तो संपेपर्यंत आम्हाला उठता आलं नाही.

स्टेशनवर बाकावर बसून आम्ही जेवलो. तिसऱ्या माणसाच्या भाकऱ्या तिनं फडक्यात तशाच बांधून ठेवल्या. मग पलीकडं एक म्हातारा भिकारी बसला होता त्याच्याकडं ती गेली. मला वाटलं त्याला देऊन येईल. तिनं वाकून त्याच्या तोंडाकडं नीट बघितलं, मग भाकऱ्या दिल्या आणि परत आली. बारा वर्षं ती बाजारात, जत्रेत, स्टँडवर सगळीकडं असं वाकून बघत आली आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. नेट हुडकणारा मी. माझ्यापासून दोन हातांवर चाललेलं हे शोधणं मला कधी दिसलं नव्हतं.

परतीच्या गाडीत मी दोन-तीनदा काहीतरी सांगायला गेलो. आणखी एक सर्च इंजिन आहे म्हणतात, फोटो समोरून काढलेला असता तर बरं झालं असतं, लग्नातल्या फोटोचा फेटा कॉम्प्युटरवर पुसून काढता येतो. ती ऐकत होती की नाही कोण जाणे. ताकारी गेलं तेव्हा तिनं डोळे मिटले.

सर्वपित्रीच्या आदल्या संध्याकाळी मी दुकानात पुन्हा एकदा बसलो. थोरलीला विचारलं, मधलीला विचारलं, धाकटीला विचारलं. पितृपक्षभर मी एकही ओळ सोडली नव्हती. आता तिघींच्याही पानांवर वरपासून खालपर्यंत सगळं जांभळं होतं. एकही निळी ओळ उरली नव्हती. एक गिऱ्हाईक आधारकार्डाची झेरॉक्स काढायला आलं, त्याला दोन्ही बाजू एकाच कागदावर काढून दिल्या, आणि शटर ओढलं.

सर्वपित्रीला चुलते सकाळीच हजर. बायकोनं खीर, वडे, भोपळ्याची भाजी, गवारी, कढी असा सगळा स्वयंपाक केला होता. वहिनी पहाटेपासून तिच्या हाताशी होती. पानं मांडली. आजोबांचं, आजीचं, वडिलांचं, आईचं. चुलते माझ्याकडं बघत होते. मी स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं. वहिनी तिथं नव्हती. मला वाटलं, बघवत नाही म्हणून गोठ्यात गेली असेल. आणि माझ्या मनानं घेतलं, की नाही, हे मी करणार नाही. आणखी एक वर्ष. आयुष्यात मी कुठल्याही गोष्टीत कधी ठाम राहिलेलो नाही, चहा की कॉफी विचारलं तरी समोरच्याकडं बघतो. पण त्या दिवशी राहिलो. दादाचं पान मांडलं नाही. शेवटी नुसतं 'ज्ञात-अज्ञात सगळे' असं म्हटलं, त्यात कोण येतं कोण नाही ते देवाला माहीत. चुलते चिडले, जेवले मात्र व्यवस्थित, आणि जाताना म्हणाले, तुझ्या असल्या चालढकलीमुळं त्या बाईचा जीव टांगणीला लागलाय. मला त्याचंही काही वाटलं नाही. वहिनीची ट्रंक मी आणखी वर्षभर बंद ठेवली, असं मला वाटत होतं, आणि तेवढ्यावर मी जरासा खूशही होतो.

संध्याकाळी बायको पडवीत ताटं पुसत बसली होती. मी तिला माझं म्हणणं सांगायला लागलो. की पुढच्या वर्षापर्यंत काय काय करता येईल, फोटो कसा सुधारून घेता येईल, कानडीतूनही शोधायला हवं कारण मिरजेपुढं सगळा कर्नाटकच आहे, आणि निदान आजच्या दिवशी तरी वहिनीला मी त्यातून वाचवलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. हातातलं ताट पुसून झाल्यावर ते दुसऱ्या ताटावर ठेवलं.

"आवं," म्हणाली, "सकाळी तुमी पानं मांडत हुतासा तवा वैनी स्टँडाकडं गेल्त्या. ती साडी फॉल-पिकोला टाकून आल्या. बुधवारी मिळंल म्हणालाय."